इमारतीचे कर्ज कोणी फेडायचे?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)





समितीने मला ‘शिक्षण आणि आपला समाज’ या विषयावर बोलायला सांगितले. या विषयावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतोच. शिका, संघटित व्हा, हे आपण ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. म्हणून मी त्यातला एकच कोपरा धरणार आहे, ज्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. ज्या इमारतीत बसून मुले शिकतात ती इमारत कोणाच्या पैशाने उभी राहते? कर्ज काढून उभी राहिली असेल तर ते कर्ज कोण फेडतो?

तुम्ही म्हणाल, थ्रासल खात्यात आयुष्य काढलेला माणूस, शाळा नववीत सुटलेली, याला विद्यापीठाच्या कर्जाशी काय देणे-घेणे? सांगतो. आपल्या वस्तीतील एक मुलगी दोन वर्षांपूर्वी एम.एस. करायला अमेरिकेतील एका राज्य सरकारच्या विद्यापीठात गेली. बँकेच्या कर्जासाठी तिच्या फीचा कागद तिचे वडील माझ्याकडे घेऊन आले. मला थोडेफार इंग्रजी वाचता येते म्हणून असे कागद माझ्याकडे येतात. शिकवणीची फी, आरोग्य विमा, हे कळले. त्याखाली एक ओळ होती, ‘फॅसिलिटी फी’. वडील म्हणाले, “दादा, हे कशाचे पैसे?” मला सांगता आले नाही. मुलीला फोनवर विचारले. ती म्हणाली, “काका, इथल्या इमारतींचे कर्ज आहे. मी यायच्या आधीच त्या बांधून झाल्यात. पण हप्ता अजून चालू आहे, तो आम्हा मुलांकडून घेतात.”

माझ्या डोक्यात तो हप्ता बसला. मग वाचनालयात जाऊन, डिक्शनरी शेजारी ठेवून, मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे समजले ते आज तुमच्यासमोर ठेवतो. चूक असेल तर आपल्यात शिकलेली मुले बसली आहेत, त्यांनी दुरुस्त करावे.

प्रथम कर्जरोखा, म्हणजे बॉण्ड, काय असतो ते बघू. सरकारला किंवा विद्यापीठाला मोठी रक्कम हवी असते. ती एका सावकाराकडून न घेता हजारो लोकांकडून, बँकांकडून, पेन्शन फंडांकडून घेतात आणि प्रत्येकाला कागद देतात की, अमुक वर्षांनी मुद्दल आणि दर सहा महिन्यांनी व्याज देऊ. तो कागद म्हणजे रोखा.

अमेरिकेत सरकारी रोखे मुख्यत्वे दोन तऱ्हेचे असतात. पहिल्या तऱ्हेत सरकार आपल्या सगळ्या करवसुलीची हमी देते. श्रीमंत, गरीब, मूल असलेला, मूल नसलेला, सर्वांच्या करातून ते कर्ज फिटते. सगळ्यांच्या मानेवर बोजा येतो म्हणून पुष्कळ राज्यांत असे कर्ज काढण्याआधी जनतेचे मतदान घ्यावे लागते. लोक ‘नको’ म्हणाले तर कर्ज नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे रेव्हेन्यू बॉण्ड. यात कराची हमी नसते. जी वस्तू बांधली तिच्याच उत्पन्नातून परतफेड. पूल बांधला तर टोल, नळयोजना केली तर पाणीपट्टी. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहराने १८९७ साली पाणीपुरवठ्यासाठी असे रोखे काढले, ते या प्रकारातल्या अगदी सुरुवातीच्या रोख्यांपैकी समजले जातात. न्यायालयांनीही पुढे मान्य केले की, ज्या कर्जाची फेड फक्त ठरावीक उत्पन्नातून होते ते सर्व जनतेचे कर्ज नव्हे, त्यामुळे कर्जमर्यादा आणि मतदानाच्या अटी त्याला लागत नाहीत. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे. जनतेला विचारायची गरज उरली नाही.

गिरणीत पतपेढीचे कर्ज काढलेला माणूस हे लगेच ओळखेल. पतपेढी आपले घर गहाण ठेवून घेत नाही. ती पगारावर हात ठेवते. हप्ता परस्पर कापला जातो आणि उरलेले पाकीट आपल्या हातात येते. घरात आजारी माणूस असो, पोराचे पुस्तक आणायचे असो, पहिला मान हप्त्याचा. रेव्हेन्यू बॉण्डचे तसेच आहे. इमारत गहाण नसते, तिचे येणारे उत्पन्न गहाण असते.

आता योगायोग बघा. अमेरिकेत १९१३ साली प्राप्तिकराचा कायदा झाला. राज्यांच्या आणि नगरपालिकांच्या रोख्यांवरील व्याजाला त्यात कर माफ केला गेला. त्यामुळे श्रीमंत मंडळी असे रोखे आवडीने घेऊ लागली. त्याच १९१३ सालच्या जुलै महिन्यात बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर आपले बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे गुरू होते प्रा. एडविन सेलिग्मन. करशास्त्रातील ते मोठे नाव. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली निघाला, त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांनीच लिहिली. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून पूजतो, परंतु सरकारी पैसा येतो कोणाकडून आणि जातो कोठे, हा त्यांच्या अभ्यासाचा पहिला विषय होता हे विसरतो. त्यांच्या अनुयायांनी पैशाच्या कागदाला भिऊन चालणार नाही.

आता विद्यापीठांकडे येतो. १८६२ साली प्रेसिडेंट लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला, त्याच्या प्रत्येक संसद सदस्यामागे ३० हजार एकर सरकारी जमीन किंवा तेवढ्याचे हक्कपत्र मिळाले. ती विकून येणाऱ्या पैशाच्या व्याजावर शेतीचे आणि यंत्रविद्येचे शिक्षण देणारी कॉलेजे चालवायची. ती जमीन मूळच्या आदिवासींकडून घेतलेली होती, हेही सांगितले पाहिजे. पण कायद्यात एक अट होती. या निधीतला किंवा त्याच्या व्याजातला पैसा इमारत विकत घ्यायला, बांधायला वा दुरुस्त करायला वापरायचा नाही. इमारतीची जबाबदारी राज्याची. म्हणजे शिकवण्याचा पैसा आणि विटांचा पैसा वेगळा ठेवायचा, हे शहाणपण तेव्हाच्या लोकांना होते.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४४ साली, सैनिकांसाठी कायदा झाला आणि वीस लाखांहून अधिक माजी सैनिक कॉलेजात गेले. राहायला जागा पुरेना. मग १९५० च्या गृहनिर्माण कायद्यात केंद्र सरकारने कॉलेजांच्या वसतिगृहांसाठी ३० कोटी डॉलरची कर्ज योजना केली. व्याज कमी, मुदत चाळीस-पन्नास वर्षांची. वसतिगृहाच्या भाड्यातून फेड. त्यातून देशभर वसतिगृहे उभी राहिली आणि ज्यांच्या घराण्यात कोणी कॉलेज पाहिले नव्हते अशी मुले तिथे राहून शिकली. म्हणून मी असे म्हणणार नाही की, उत्पन्नावर काढलेले कर्ज म्हणजे पापच. खोलीत राहणाऱ्याने वाजवी भाडे द्यावे, सरकारने व्याजाचा भार हलका करावा, यात गैर काही नाही. गैर पुढे झाले.

न्यूयॉर्क राज्याची गोष्ट ऐका. तिथे लोकांनी घरबांधणीच्या कर्जाला मतदानात वारंवार नकार दिला होता. तेव्हाचे गव्हर्नर रॉकफेलर यांना तर पुष्कळ बांधायचे होते. त्यांना जॉन मिचेल नावाचा रोख्यांचा निष्णात वकील भेटला. त्याने १९६० च्या सुमारास अशी शब्दरचना शोधली की, राज्यावर कायद्याने बंधन नाही, फक्त ‘नैतिक बंधन’ आहे. बंधन नाही म्हणून मतदान नको, आणि नैतिक बंधन आहे म्हणून रोखे घेणारा निर्धास्त! हाच मिचेल पुढे प्रेसिडेंट निक्सनचा अॅटर्नी जनरल झाला आणि वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात गेला.

त्या काळात न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या इमारतींसाठी १९६२ साली बांधकाम निधी स्थापन झाला. कर्ज फेडायला उत्पन्न हवे. १९६३ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना सर्वत्र एकसारखी वर्षाला ४०० डॉलर फी लागली आणि ती रोख्यांच्या परतफेडीला तारण दिली गेली. यापूर्वी तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजांत फी नव्हती. कर्जाआधी फी माफ करणे राज्याच्या हातात होते. कर्जानंतर ती फी रोखेधारकाची झाली. उद्या कोणी दयाळू मंत्री आला आणि म्हणाला, ‘गरिबांची फी बंद करू,’ तर वकील म्हणणार, ‘साहेब, ती तुमची नाही.’

त्याच राज्यात न्यूयॉर्क शहराचे वेगळे विद्यापीठ आहे. त्याचे मूळ १८४७ सालात. शहराच्या मतदारांनी मत देऊन ‘फ्री अकॅडमी’ काढली. तेव्हापासून तिथे शहरातल्या मुलांना फी नव्हती. गरीब ज्यू, इटालियन, आयरिश मजुरांची मुले त्यात शिकून मोठी झाली. पण कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन मुले फार कमी होती. १९६९ साली त्या मुलांनी सिटी कॉलेज ताब्यात घेऊन आंदोलन केले. १९७० पासून शहरातील हायस्कूल पास होणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश खुला झाला. धारावीच्या किंवा घाटकोपरच्या पोराला वाटावे तसे हार्लेमच्या पोराला वाटले असेल की, दार उघडले. १९७५ साली शहर कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरीच्या काठावर आले. पैशाचा कारभार नियंत्रण मंडळाच्या हाती गेला. १९७६ च्या उन्हाळ्याआधी पैसा संपून विद्यापीठ दोन आठवडे बंद पडले आणि त्याच वर्षी १२९ वर्षांची मोफत शिक्षणाची परंपरा मोडून फी लावली. विद्यार्थ्यांची संख्या घसरली.

मी असे म्हणत नाही की, फक्त काळी मुले आली म्हणून फी लागली. शहराचे कर्ज खरे होते. पण ते कर्ज त्या मुलांनी काढले नव्हते. दार उघडून सहा वर्षे झाली नाहीत तोच दारावर टोल नाका बसला. हा अनुभव आपल्या ओळखीचा आहे की नाही, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता कॅलिफोर्निया. तिथे १९६० च्या आराखड्यात राज्यातल्या मुलांना शिकवणी फी नको, हे तत्त्व मान्य केले होते. हळूहळू वेगवेगळ्या नावांनी फी आली. १९७८ साली मालमत्ता कराला मर्यादा घालणारे मतदान झाले आणि राज्याचा हात आखडला. २००३ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाने एक नवी पद्धत धरली. एका वसतिगृहाचे कर्ज त्या वसतिगृहाच्या भाड्यावर काढण्याऐवजी विद्यापीठाच्या एकूण सर्वसाधारण उत्पन्नावर रोखे काढायचे. त्या उत्पन्नात विद्यार्थ्यांची फीही आली. २००९ च्या नोव्हेंबरात फी ३२ टक्क्यांनी वाढवण्याचा ठराव झाला, ती वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जाणार होती. मुले रस्त्यावर आली. त्याच वर्षी बॉब मायस्टर नावाच्या तिथल्याच प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना जाहीर पत्र लिहून सांगितले की, तुमची फी विद्यापीठाने तारण ठेवली आहे. विद्यापीठाने उत्तर दिले की, फीचा पैसा आम्ही बांधकामाच्या हप्त्याला वापरत नाही, ती फक्त हमीत धरली आहे.

दोघांचे म्हणणे मी वाचले. माझ्या अल्प बुद्धीला वाटते, विद्यापीठाचे म्हणणे हिशेबाला खरे असेल, पण जामीन राहिलेल्या माणसाला विचारा. आमच्या खात्यात एक जण दुसऱ्याला जामीन राहिला. कर्जदार गावी निघून गेला. जामीनदाराने एक पैसा उचलला नव्हता, तरी चार वर्षे त्याच्या पगारातून कपात झाली. जामीन राहणे म्हणजे काहीच नाही, असे म्हणणारा माणूस कधी जामीन राहिलेला नसतो. आणि इथे तर जामीनदाराची सहीसुद्धा घेतलेली नाही. मुलगा प्रवेश घ्यायच्या आधीच तो जामीन झाला.

या रोख्यांच्या करारात अनेकदा आणखी एक कलम असते. संस्था वचन देते की, हप्त्यापेक्षा उत्पन्न नेहमी काही पट जास्त राहील अशा बेताने दर ठेवू. समजा वर्षाचा हप्ता १०० रुपये आहे, तर उत्पन्न १२५ दाखवायचे. मुले कमी झाली, उत्पन्न ११० वर आले, तर उरलेल्या मुलांचा दर वाढवायचा. सावकाराने करारातच लिहून घेतले की, तू पोराबाळांकडून किती घ्यायचे ते मी ठरवणार. वरून पत ठरवणाऱ्या कंपन्या असतात. त्या बघतात की, या संस्थेला फी वाढवण्याची ताकद आहे का. ताकद असेल तर पत चांगली. म्हणजे आपल्याला जी भीतीची गोष्ट, ती त्यांच्या वहीत गुणाची गोष्ट.

२०२० साली कोरोना आला तेव्हा हे उघड्यावर पडले. वसतिगृहे रिकामी झाली, भाडे थांबले, हप्ता थांबला नाही. जॉर्जिया राज्यात सरकारी विद्यापीठांची काही वसतिगृहे खासगी कंपनीकडे लांब मुदतीच्या कराराने दिलेली होती. मे महिन्यात त्या कंपनीने विद्यापीठ मंडळाला लिहून कळवले की, खोल्यांतील मुलांची संख्या कमी करण्याचा अधिकार तुम्हाला एकतर्फी नाही. जगभर माणसे मरत होती आणि प्रश्न काय, तर खोल्या भरल्या पाहिजेत.

मुदतीचेही एक उदाहरण देतो. ओहायो राज्य विद्यापीठाने २०११ साली १०० वर्षांचे रोखे काढले. ५० कोटी डॉलर, व्याज ४.८ टक्के. वर्षाला २ कोटी ४० लाख डॉलर व्याज. शंभर वर्षांचे २४० कोटी डॉलर होते, आणि मुद्दल २१११ साली वेगळे द्यायचे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ८६ कोटी डॉलरचे असेच रोखे काढले. ज्या मुलाची पणजी अजून जन्मली नाही, त्याच्या फीचा हिशेब आज झाला.

आता या विषयातली जी गोष्ट वाचून मी रात्रभर झोपलो नाही ती सांगतो. १८९० साली दुसरा मॉरिल कायदा झाला. ज्या राज्यात काळ्या मुलांना कॉलेजात घेत नाहीत त्यांनी त्यांच्यासाठी वेगळे कॉलेज काढावे, अशी त्यात तरतूद होती. अशी आणि त्याआधीची, कृष्णवर्णीयांसाठीची शंभराच्या आसपास ऐतिहासिक कॉलेजे आजही आहेत. त्यांनाही इमारती हव्यात, त्यांनाही रोखे विकावे लागतात. रोख्याच्या कागदावर रंग लिहिलेला नसतो. पतही कंपन्यांनी ठरवलेली असते. तरी २०१९ साली अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात चार अभ्यासकांचा निबंध आला. पत, रक्कम, मुदत सगळे लक्षात घेऊनही काळ्यांच्या कॉलेजांना रोखे विकून देणाऱ्या दलालांना जास्त मोबदला द्यावा लागतो, असे त्यांना आढळले. आणि लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा या दक्षिणेकडील राज्यांत हा फरक अधिकच मोठा. म्हणजे परतफेडीची भीती नाही, हमी आहे, तरीही गिऱ्हाईक कागद घेताना नाव बघते. आडनाव बघून भाड्याने खोली न मिळालेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. १९७२ साली आपल्या मुंबईतील तरुणांनी दलित पँथर काढली तेव्हा त्यांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव उगाच घेतले नव्हते.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. या कॉलेजांना बाजारात स्वस्त कर्ज मिळत नाही हे मान्य करून तिथल्या सरकारने १९९२ साली त्यांच्यासाठी खास योजना केली. रोख्याला केंद्र सरकारची हमी. आणि २०२१ साली त्या योजनेतील ४५ कॉलेजांचे मिळून १६० कोटी डॉलरहून अधिक कर्ज सरकारने माफ केले. त्यांतील १३ सरकारी होती, ३२ खासगी. आवाज उठवला, संघटना केली, तर फिटत नसलेले कर्जसुद्धा सार्वजनिक तिजोरीवर घेता येते. म्हणजे हे पैशाचे नियम आकाशातून पडलेले नाहीत. माणसांनी केले आहेत आणि माणसांना बदलता येतात.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. २०१७ साली केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांनी मिळून ‘हेफा’ म्हणजे उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था काढली. आयआयटी, केंद्रीय विद्यापीठे अशा संस्थांना इमारती आणि प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी कर्ज. २०१८ मध्ये ठरले की, व्याज सरकार भरेल. मुद्दल दहा वर्षांत फेडायचे. त्यातील किती भाग संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचा हे संस्थेच्या वयावर. जुन्या तांत्रिक संस्थांनी सगळे मुद्दल, जुन्या केंद्रीय विद्यापीठांनी दहावा हिस्सा, नव्या संस्थांचे सरकार देणार. अमेरिकेपेक्षा हे सौम्य आहे, हे कबूल. पण संस्थेचे ‘स्वतःचे उत्पन्न’ म्हणजे काय? त्यात मोठा वाटा फीचा असतो. म्हणून आपली मुले जिथे शिकतात तिथल्या पालक सभेत, विद्यार्थी संघटनेत हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळची गोष्ट. शिष्यवृत्ती मंजूर होती. तरी एका कॉलेजात इमारत निधीची वेगळी पावती हातात दिली आणि म्हणाले, हे शिष्यवृत्तीत बसत नाही. तिच्या आईने कानातले मोडले. इमारत कोणती, कर्ज किती, कधी फिटणार, हे मी विचारले नाही. विचारायचे असते हेच माहीत नव्हते. आज माहीत आहे, म्हणून बोलतो.

आता घरचा विषय. अध्यक्ष साहेबांची क्षमा मागून बोलतो. आपल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका बांधायची चर्चा चालू आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे पोराने अभ्यास कुठे करायचा? अभ्यासिका झालीच पाहिजे. प्रस्ताव असा आहे की, पतसंस्थेकडून ९ लाख कर्ज घ्यायचे, पाच वर्षांची मुदत, १२ टक्के व्याज. महिना हप्ता सुमारे वीस हजार. साठ मुले बसतील, प्रत्येकी ३५० रुपये घेतले की २१ हजार होतात. कागदावर जमते. पहिल्या बैठकीत मीही हात वर केला होता.

नंतर घरी बसून पाढे मांडले. परीक्षा संपली, पंधरा मुले आली नाहीत, उरली पंचेचाळीस. १५,७५० रुपये जमले. कमी पडले सव्वाचार हजार. मग पंचेचाळीस मुलांकडून ४४५ रुपये घ्यायचे. ते ऐकून आणखी दहा घरी बसणार. घरी बसणार कोण? ज्याचा बाप नाक्यावर उभा राहतो तो. ज्याच्यासाठी अभ्यासिका बांधली तोच पहिला बाहेर पडणार, आणि ज्याच्या घरी वेगळी खोली आहे तो राहणार. अमेरिकेत जे कोट्यवधी डॉलरमध्ये झाले, तेच आपण ९ लाखांत करणार होतो.

माझा दुसरा हिशेब असा. वस्तीत कमावती घरे दोनशेच्या वर आहेत. दर घरामागे महिना शंभर रुपये, पाच वर्षे. होतात वीस हजार. हप्ता तोच, कर्ज तेच, इमारत तीच. ज्याच्या घरात शिकणारे मूल नाही त्यानेही द्यायचे, कारण वस्तीतला एक मुलगा अधिकारी झाला, एक मुलगी डॉक्टर झाली तर ती सर्वांच्या उपयोगी पडते. जो नोकरीला लागून फ्लॅटमध्ये राहायला गेला त्याच्याकडे जाऊन जास्त मागायचे, कारण तो याच गल्लीतल्या दिव्याखाली शिकला. मुलांकडून एक रुपयाही नको. त्यांनी जागा झाडावी, पुस्तके नीट ठेवावी, हीच त्यांची फी.

यात अडचण आहे, मला ठाऊक आहे. दोनशे दारे दर महिन्याला कोण फिरणार? मुलांकडून घेणे सोपे, दारात उभे करून घेता येतात. मोठ्यांकडून घेणे अवघड. सगळीकडे हेच होते. सोपे म्हणून लहानावर टाकतात. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले ते लष्करी बराकीत. इमारत नव्हती म्हणून मुलांना थांबवले नाही. इमारतीसाठी स्वतः वणवण केली, तिचे ओझे पोराच्या दप्तरात टाकले नाही.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत ठराव येईल त्या वेळी चार प्रश्न विचारून मग हात वर करा. एक, हप्ता कोणाच्या खिशातून जाणार? दोन, मुले कमी झाली तर बाकीच्यांवर वाढणार का? तीन, जो फेडणार आहे त्याला कोणी विचारले का? चार, जमलेल्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, हप्त्याचा की पुस्तकांचा? हेच चार प्रश्न कॉलेजात विचारा, विद्यापीठात विचारा, आमदार मत मागायला आला की त्यालाही विचारा.

वसुलीची दारे फिरायला माझे नाव पहिले लिहा. रविवार माझा मोकळा असतो. आणि पहिल्या वर्षाचे माझ्या घराचे बाराशे रुपये मी आजच खजिनदारांकडे देऊन पावती घेतो.



जय भीम! नमो बुद्धाय!